स्टॉप नंबर चारची विहीर

स्फोटक ज्वालामुखी हा माझ्या नोकरीचा विषय होता असं सांगितलं की ऐकणारे खुर्ची पुढे ओढून बसतात. मग मला सांगावं लागतं की मी एकही ज्वालामुखी पाहिलेला नाही, लांबून धुराची रेघसुद्धा नाही. मी पाहिले ते ज्वालामुखीवर बोलायला आलेले लोक. त्यांच्या उतरण्याची सोय, त्यांचं पथ्याचं जेवण, त्यांची बस, त्यांच्या हातोड्या आणि त्यांची भांडणं. एवढं ऐकल्यावर खुर्ची परत मागे जाते.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवत होते. आमच्या विभागाने परिषद किंवा फील्ड वर्कशॉप घ्यायचं ठरवलं की स्थानिक सचिव कोण, हा प्रश्न कुणाला पडतच नसे. विभागात मी एकटी बाई. "व्यवस्था बघावी ती तुम्हीच हो," असं पहिल्या वर्षी कुणीतरी कौतुकाने म्हणालं, आणि ते कौतुक निवृत्तीपर्यंत माझ्या मानगुटीवर बसलं. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या लष्कराच्या भाकऱ्या पुढचं दशक उलटेपर्यंत मी भाजत होते. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'कामातल्या गमती' लिहायला सांगितल्या आहेत. गमती होत्या. पण आठवायला बसलं की आधी पाय दुखतात.

विषय थोडक्यात सांगते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. हा लाव्हा डोंगर फोडून आकाशात उडाला नाही. तो जमिनीच्या भेगांतून वर आला आणि उतू गेलेल्या दुधासारखा पसरला, थंड झाला, मग त्यावर पुढचा थर. हा शांत प्रकार. दुसरा प्रकार तापट. आत वाफ कोंडते, झाकण उडतं, दगडाचं पीठ होऊन वर जातं आणि राख होऊन खाली पडतं. आपल्या भागात असं झालंच नाही, अशी बहुतेकांची समजूत. दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा किंवा करडा पट्टा दिसला की 'ही तर भाजलेली माती' म्हणून मंडळी पुढे जात.

आमचे आंबेकर सर मात्र तिथेच उभे राहत. सर माझे शिक्षक, पुढे विभागप्रमुख. किरकोळ अंगाचा माणूस, डोक्यावर खादीची टोपी नव्हे तर उन्हाची हॅट, आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसत. त्यांचं म्हणणं, त्या पट्ट्यांतले सगळे नाही तरी काही पट्टे ही राखच आहे. नाशिकच्या आसपास कधीतरी झाकण उडालं होतं. हे ते वीस-एक वर्षं म्हणत होते आणि पुराव्याच्या नावाने त्यांच्याकडे चार-दोन कुजके तुकडे होते. परिषदेत ते बोलायला उठले की बाहेरगावची मंडळी एकमेकांकडे बघून चहाला निघत. 'आंबेकरांची राख' हा आमच्या वर्तुळात विनोद झाला होता. मला त्या विनोदाचा राग यायचा, पण चहा मीच ठेवलेला असायचा, त्यामुळे बोलायची पंचाईत.

फील्ड वर्कशॉप म्हणजे वरात समजा, फक्त नवरदेव दगड. आदल्या दिवशी कॉलेजात निबंधवाचन, दुसऱ्या दिवशी कराराची एसटी भरून डोंगराकडे. ठिकाणांना आम्ही स्टॉप म्हणायचो आणि त्यांना नंबर द्यायचो. हे नंबर लावणं हीच खरी कला, आणि ती कुठल्याही पुस्तकात नाही. वादाचा दगड जेवणाच्या जरा आधी ठेवायचा, कारण भूक लागली की विद्वान लवकर एकमत होतात. जेवणानंतरचा स्टॉप सावलीत हवा. बायका असतील तर आडोसा कुठे आहे हे मी आधी बघून यायची, कारण दगडाची माहिती सांगायला सगळे असतात, ही माहिती द्यायला कुणी नसतं. एकमेकांवर टीका छापलेल्या दोन माणसांना विश्रामगृहात एका खोलीत टाकायचं नाही. एकदा नाइलाजाने टाकलं, तर सकाळी दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध तक्रार केली. ती त्यांची पहिली संयुक्त कामगिरी होती.

आणि गावाला आधी सांगून ठेवायचं. हे शिकायला मला एक फजिती पुरली. पेठच्या वाटेवर एका गावात आमची बस थांबली, हॅट घातलेली माणसं उतरली आणि दगड ठोकून नकाशे उघडू लागली. थोड्या वेळात सगळं गाव गोळा. धरण होणार आणि जमिनी जाणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती. मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं की आम्ही सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं बघायला आलो आहोत. एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "मंग तर लय जुनं रेकॉर्ड काढलंय बाई. आता जमीन जानारच."

दुसरी गंमत मातीची. माती बारीक आहे की रवाळ, हे कळायला भूशास्त्रज्ञ ती सरळ दातांत धरून चावतो. चिकणमाती असेल तर जिभेला चिकटते. आम्हाला याचं काही वाटत नाही. त्र्यंबक रोडला एका कड्याशी आमचे आठ-दहा पाहुणे डोळे मिटून माती चघळत उभे होते. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, एवढी शिकेल मानसं, जेवाया नाय का घातलं त्यांना?" मी म्हटलं, घालते हो, आता घालते.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते स्टॉप नंबर चारबद्दल.

ती विहीर होती. आमच्या धंद्यात विहिरीला फार मान. डोंगराचा कडा पावसाने झिजलेला असतो, झाडाझुडपांनी झाकलेला असतो. नवी खोदलेली विहीर म्हणजे कापलेला केक, थर कसे स्वच्छ दिसतात. म्हणून सर रविवारी स्कूटरवरून निफाड, चांदवड भागात हिंडत आणि विहीर खोदताना दिसली की बाहेरच्या ढिगाऱ्यात बसून तुकडे चाळत. निफाडच्या पुढच्या एका गावाबाहेर असाच ढिगारा चाळताना त्यांना करड्या रंगाचे तुकडे सापडले आणि त्यांत वाटाण्याएवढे गोल गोळे. सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलावर तुकडा ठेवून नुसते उभे राहिले. राख ओल्या वाफेतून खाली येताना गरगरत वळली जाते, ओल्या हातात रव्याच्या गोळ्या व्हाव्यात तशी. मातीत असे गोळे होत नाहीत. त्यासाठी आकाशच लागतं.

विहीर भीमराव साळवे यांची. साळवे मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन होते, वय चाळिशीच्या आसपास, सावळे, उंच, रेल्वेचा निळा शर्ट सुट्टीच्या दिवशीही अंगात. वडिलांच्या वाट्याला आलेल्या तुकड्याला जोडून त्यांनी थोडी जमीन घेतली होती आणि सुट्ट्या साठवून विहिरीचं काम चालवलं होतं. पाणी लागत नव्हतं. पुढच्या रविवारी सर मला घेऊन तिथे गेले. त्यांनी दगडमाती वर ओढणाऱ्या यारीच्या पाळण्यात बसून खाली जायची परवानगी मागितली, तेव्हा साळव्यांनी एकच विचारलं, "सर, पानी हाय का नाय तेवढं सांगा. बाकी कायबी बघा."

सर खाली जाऊन आले. तो करडा थर तिथे होता, तळाशी हातभर उघडा पडलेला, आडवा, सलग. वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. साळव्यांना मात्र त्यांनी नीट उत्तर दिलं. "हा करडा थर पाणी पाझरू देत नाही. त्याच्या खालचा दगड भोकाभोकांचा असणार. पाणी असलं तर तिथे आहे. थर फोडून खाली जा."

या भेटीनंतरच आमचं ते वर्कशॉप ठरलं. सरांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. स्फोटक ज्वालामुखी हा विषय, बाहेरगावची बडी मंडळी, आणि अध्यक्ष डॉ. मुजुमदार. मुजुमदार म्हणजे 'भाजलेली माती' पंथाचे मठाधिपती. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा. ढिगाऱ्यातला तुकडा त्यांनी हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि परत दिला. "सुंदर आहे. पण हा कुठल्या थरातला, कोण सांगणार? जागेवर दाखवा, मी मान्य करतो." आमच्या शास्त्रात हे बरोबरच आहे. सुटा दगड साक्षीला चालत नाही. तेव्हा सगळं त्या विहिरीवर येऊन ठेपलं होतं. तो थर मुजुमदारांनी जागेवर पाहिला तर सरांची वीस वर्षं कारणी लागणार होती. मी त्या विहिरीला चार नंबर दिला, जेवणाच्या जरा आधीचा.

आदल्या दिवशी प्रत्येक स्टॉप बघून यायचा हा माझा नियम. त्या शुक्रवारी कॉलेजात उद्घाटन होतं, पाहुण्यांच्या गाड्या वेळेवर येत नव्हत्या, माईक कुरकुरत होता. बाकीचे स्टॉप मी गुरुवारीच उरकले होते. विहिरीचं राहिलं. म्हटलं, विहीर काय कुठे जाते?

शनिवारी आमची बस शेताच्या बांधाशी थांबली. मी सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उतरून पुढे गेले. विहिरीवर खोदणारी माणसं आज नुसती बसली होती, त्यांच्या अंगावर गुलाल होता. साळवे पुढे आले, हात जोडले. "बाई, पानी लागलं. काल दुपारच्याला."

मी आत वाकून पाहिलं. खाली आभाळाचा निळा तुकडा हलत होता. पाणी नुसतं लागलं नव्हतं, परसभर वर चढलं होतं. परस म्हणजे हात उंच केलेल्या माणसाएवढी उंची, विहिरी अशाच मोजतात. आणि त्या परसभर पाण्याखाली आमचा थर गेला होता.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आत वाकून पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दाबाखालचं पाणी. थर फोडला की वर चढणारच. दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो मी हे." आणि ते हसले. मला रडू येत होतं.

सगळे विहिरीभोवती जमले. मार्ग अगदी सोपा होता. गाळ उपसण्यासाठी आणलेलं डिझेल इंजिन काठावर तयार उभं होतं. दोन तास चालवलं असतं तर पाणी उतरलं असतं. मी साळव्यांकडे गेले. अशा विनंत्या करण्यात माझं आयुष्य गेलेलं, शब्द आपोआप येतात. साळव्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एरवी तुमी म्हनाल ते करीन, बाई. पन आईला येऊ द्या."

त्यांची आई, सोनाबाई, मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये होती. काल संध्याकाळीच निरोप गेला होता, ती सकाळच्या पॅसेंजरने निघाली होती. खोदणाऱ्यांना नारळ फोडायचा होता. साळवे त्यांना म्हणाले होते, आमी नारळ फोडत नाय, आई येऊन पहिलं पानी काढंल, तेच आमचं.

मुजुमदार म्हणाले, "अहो, पाणी काय, पुन्हा भरेल. दोन तासांचा तर प्रश्न आहे. आई आल्यावर तिला भरलेलीच विहीर दिसेल."

साळवे माझ्याकडेच बघत बोलले. आवाज चढवला नाही. "साहेब, आमची आई ह्याच गावची. गावच्या विहिरीला हात लावायचा नाय, अशी तिची सगळी उमर गेली. काठापासून लांब उभं राह्याचं. कोनाला दया आली तर तो वरून ओतनार, ती खाली घागर धरनार. कवा दुपार व्हायची. हितलं पानी आजून कोनी काढेल नाय. मीबी नाय पेलो. ते इंजनानं काढून गटारीत सोडू का?"

मग आंबेकर सर म्हणाले, "आपण थांबू या."

थांबलो. कडुलिंबाखाली डबे उघडले, वेळापत्रकाच्या आधीच. पुरीभाजी नेहमीसारखीच होती. पॅसेंजर नेहमीसारखी उशिरा धावत होती. मुजुमदार घड्याळ बघत होते. पुढे दोन स्टॉप बाकी, संध्याकाळी कॉलेजात समारोप आणि त्यानंतर निम्म्या लोकांच्या नाशिक रोडहून गाड्या. ही सगळी गणितं मीच बसवलेली, त्यामुळे ती किती घट्ट आहेत हे मलाच माहीत. एसटीच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. शेवटी मुजुमदार माझ्याजवळ आले. "मॅडम, निर्णय तुमचा आहे. सचिव तुम्ही."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली, जाऊ दे अशी. एक शब्द त्यांनी माझ्यासाठी, किंवा स्वतःसाठी, खर्च केला असता तर मी साळव्यांचे पाय धरले असते. त्यांनी केला नाही. मी आमच्या एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या हातात कार्यक्रमपत्रिका दिली आणि बस सोडली; सर आणि मी मागे राहिलो. सचिव म्हणून माझ्या आयुष्यात माझ्याशिवाय गेलेली ती एकच बस. धूळ खाली बसेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनात सरांवरही चिडले, साळव्यांवरही चिडले, त्या न पाहिलेल्या म्हातारीवरही चिडले. खोटं कशाला सांगू.

उन्हं कलायच्या बेतात असताना बैलगाडी आली. सोनाबाई उतरली. ठेंगणी, वाळकी बाई, पांढरं नऊवारी, नाकात काही नाही, गळ्यात काही नाही. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. सरळ काठाशी आली, वाकून बघितलं आणि साळव्यांना म्हणाली, "खोल हाय रे लय."

पोहरा सोडला तो तिनेच. मुलगा मदतीला पुढे झाला तर कोपराने ढकललं. दोराची सवय नव्हती, पाणी निम्मं सांडलं. काठावर पोहरा टेकवून तिने पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. तोंड धुतलं. मग ओंजळीने प्यायली. मग परत प्यायली. साळवे पाठ फिरवून उभे राहिले.

नंतर तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. "ही कोन मानसं?"

"कॉलेजचे सर. त्यांनीच सांगितलं, आजून खाली जा म्हनून," साळवे म्हणाले.

तिने पोहरा उचलला. फील्डवर पाणी पिताना आम्ही नेहमी करतो तसे सर पुढे झाले, जरा वाकले आणि ओंजळ धरली. ती थांबली.

"वंजळ नको," ती म्हणाली. "वरून ओतायचं नाय हितं कोनाला." आणि मुलाकडे वळून, "तांब्या आन रं."

सर वाकलेले होते ते सरळ झाले. तांब्या आला, तिने भरून हातात दिला. सर तोंड लावून पाणी प्यायले, मग त्यांनी तो मला दिला. माझ्या माहेरी तांब्याला तोंड लावलेलं चालत नसे. मी लावलं. पाणी थोडं गढूळ होतं, त्यात सुरुंगाच्या दारूचा वास होता. चिडचिड कुठे गेली कळलं नाही. मला फक्त लाज वाटत होती, आणि नेमकी कशाची ते धड सांगता येत नव्हतं.

मग साळव्यांनी स्वतः इंजिन चालू केलं. पाणी पाटात न सोडता त्यांनी ते शेजारच्या खड्ड्यात साठवलं, वाया जाऊ दिलं नाही. थर उघडा पडला तेव्हा खाली उजेड कमी झाला होता. पाळण्यातून आधी सर उतरले, मग मी. ओल्या दगडावर गोळे चमकत होते, एकाला एक लागून, पाऊस पडून गेल्यासारखे. सरांनी हातोडी काढली नाही. तळवा थरावर ठेवून ते नुसते उभे राहिले. मी फोटो काढले, ते पुढे काळपट आले.

समारोपाला आम्ही पोचलो तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं. मुजुमदारांनी आपल्या भाषणात सगळ्या स्टॉपचा गोषवारा आधीच सांगितला होता. तो नंतर मीच टंकलिखित करून घेतला. 'स्टॉप नंबर चार : पाण्यामुळे पाहता आला नाही.' खोटं नव्हतंच ते. आम्ही दोघांनी पाहिलं होतं, पण दोघांतला एक दावा करणारा आणि दुसरी त्याची विद्यार्थिनी. अशी साक्ष मी स्वतः धरली नसती.

सर निवृत्त झाले. पावसाळ्याआधी साळव्यांनी विहीर बांधून घेतली, पण थराच्या जागी त्यांनी गवंड्याला हातभर रुंद खिडकी ठेवायला लावली. "सरांची खिडकी," म्हणायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं तर दिसेल, म्हणून. पण पाणी इतकं खाली कधी गेलंच नाही. त्या विहिरीवर त्यांनी कांदा केला, मग द्राक्षं लावली. गावातल्या दोन-चार वस्त्याही तिथूनच पाणी नेत आणि सोनाबाई काठाशी बसून कोण वरून ओततंय का यावर नजर ठेवी. मी पुढेही परिषदा भरवत राहिले. नव्या मुलांना राखेचं वावडं नव्हतं, कुठे कुठे ते सरांचंच बोलणं बोलत, नाव न घेता. मी चहा सांगायची.

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. एका दुपारी साळवे आमच्या गंगापूर रोडच्या घरी आले. केस पांढरे झालेले, शर्ट तोच. पाणी दिलं ते एका दमात प्यायले आणि म्हणाले, "बाई, खिडकी उघडी पडली. तुमची राख दिसती. सरांना घेऊन चला."

माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. सवय वाईट. मुजुमदार अजून आहेत, त्यांना फोन करायचा, एक दिवसाचं छोटं फील्ड, बस नको, जीप पुरेल, स्टॉप एकच. साळव्यांना घेऊन मी तशीच सरांकडे गेले. सर अंथरुणाला खिळलेले नव्हते, पण एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि काठीशिवाय चालता येत नव्हतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

सरांनी माझं संपेपर्यंत ऐकलं आणि साळव्यांना विचारलं, "म्हणजे पाणी?"

"तळाला. पोहरा बुडत नाय."

"आई?"

"टँकरच्या रांगेत हाय. नको म्हनलं तरी जाती. घागर घेऊन उभी राहती."

मी म्हटलं, "सर, पुन्हा अशी संधी येणार नाही. दोन दिवसांत जमवते मी."

"तुम्ही जमवाल हो," ते हळूच म्हणाले. "आणि मुजुमदार बघतील आणि मान्य करतील. आणि ती रांगेतून आपल्याकडे बघत असेल." मग साळव्यांना म्हणाले, "पाऊस झाला की कळवा. खिडकी बुडाली की सांगा मला."

मी फोन केला नाही. केला असता तर सरांना कळलंही नसतं कदाचित, आणि त्यांचं नाव आज चार पुस्तकांत असतं. अजूनही एखाद्या दुपारी वाटतं, करायला हवा होता. पुढच्या पावसाळ्यात खिडकी बुडाल्याचा निरोप आला तेव्हा तो घेऊन मीच सरांकडे गेले. त्यांनी पेढे मागवले. त्यानंतरची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

आता सोनाबाईही नाहीत, मीही निवृत्त आहे आणि दगड दाखवायला मला कुणी बोलावत नाही. दर मे महिन्यात मात्र मी निफाडची एसटी धरते. विहिरीशी पोचेपर्यंत गुडघे बोलू लागतात, म्हणून काठापर्यंत जाणं होत नाही. मी कडुलिंबाखालीच बसते आणि साळव्यांना विचारते, "बघा हो, राख दिसते का?"

ते काठाशी जातात, वाकून नीट बघतात. "नाय बाई. दिसत नाय."

मग ते तांब्या भरून आणतात.